पद्मिनी की अॅम्बेसेडर?

प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्तान अॅम्बेसेडर या गाड्या एकाच जमान्यातल्या, पण चालवायला अगदी वेगळ्या. मुंबईत कुर्ल्याला बनलेली पद्मिनी मुळात फियाट ११००. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, पण अंग हलकं. त्यामुळे आदिलाबादहून हैदराबादकडे जाताना निर्मलच्या घाटातली वळणं ती चटकन घेते. १४८९ सीसीची अॅम्बेसेडर वेग सावकाश पकडते, मात्र माणसं कोंबून टपावर बोचकी बांधली तरी चढावर दमत नाही.

खरी परीक्षा आदिलाबाद भागातल्याच उटनूर, इंद्रवेल्लीकडच्या खडबडीत रस्त्यांवर. पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन, मागे स्प्रिंगचे पाटे आणि भक्कम वजन यामुळे अॅम्बेसेडर खड्डे पचवते. पद्मिनीत मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी होतात. चालवण्याची मजा मात्र पद्मिनीतच जास्त. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा दोघींतही वर्षानुवर्षं होता. तो ढिला झाला की गिअर शोधावा लागे. जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना ते तापून पकड सोडतात, म्हणून जाणते ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवरच उतरत.