साखर, मीठ आणि आतड्यातलं एक दार



कोपरगावच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागले की गळीत हंगाम सुरू झाला म्हणायचं. ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, त्यात लहान मुलंही असतात. अशा वस्तीत एखाद्या मुलाला जुलाब लागले, तर याच उसाची साखर जीव वाचवू शकते. कशी, ते बघू.

साखर म्हणजे सुक्रोज. तोंडातली लाळ भाकरीतल्या स्टार्चचं पचन सुरू करते, पण सुक्रोजला हात लावत नाही. ते लहान आतड्यात पोहोचतं, तेव्हा तिथल्या पेशींवरचं सुक्रेज हे विकर त्याचे दोन तुकडे करतं: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

फ्रुक्टोजची वाट वेगळी. ग्लुकोज मात्र 'एसजीएलटी-१' या वाहक प्रथिनातून आत शिरतं, आणि तिथे एक अट आहे. ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन हवेतच. पेशीचा पंप सोडियम सतत रक्ताच्या बाजूला ढकलतो, त्यामुळे पेशीत ते कमी राहतं. म्हणून बाहेरचं सोडियम आत ओढलं जातं, सोबत ग्लुकोज येतं आणि मागोमाग पाणी. ही जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली.

आता गंमत बघा. कॉलऱ्यात आतडं भराभर पाणी सोडतं, पण हे दार चालूच राहतं! १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाचं पाणी पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं.

ओआरएसची पुडी नसेल तर घरी: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने टाकू नका. साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मूल मलूल झालं, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त गेलं, तर थेट दवाखाना गाठा.

संशोधनाला येणाऱ्यांनी इथून काय घ्यावं? नुसतं पाणी, मीठपाणी, ग्लुकोजपाणी आणि दोन्ही एकत्र, अशा चारही गटांची तुलना केली नाही तर ही जोडी दिसतच नाही. तुमच्या प्रयोगाचा आराखडा काढा आणि बघा: यातला कोणता गट तुम्ही वगळलाय?