उभा राहिलेला लष्करी सेट

नाशिकच्या गंगापूर रोडच्या बंगल्यांत आता इन्व्हर्टर आहेत, छतांवर सोलर आहे. तरी गंगापूर धरणाकडच्या पट्ट्यात, फार्महाऊस आणि द्राक्षबागांच्या बाजूला, डिझेल जनरेटर अजून टिकून आहे. वादळात फांदी पडून लाइन तुटली की बोअरची मोटर घरगुती इन्व्हर्टरला ओढवत नाही. मग हौशी माणसाचं लक्ष लष्करातून बाद झालेल्या सेटकडे जातं. देवळालीचं तोफखाना विद्यालय हाकेवर असल्यामुळे हिरवट यंत्रं नाशिककरांना नवी नाहीत. लष्कराचं बाद सामान 'एमएसटीसी' या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकलं जातं, तेही 'जसं आहे, जिथे आहे' या अटीवर.

अशा सेटच्या तासमीटरवर कमी आकडा दिसला की घेणारा हुरळतो. पण राखीव म्हणून ठेवलेला सेट चालून झिजत नाही, उभा राहून कुजतो. देखभालीचं सगळं गणित इथूनच मांडायचं.

आधी नेमप्लेट वाचावी. रडार किंवा विमानांच्या उपकरणांसाठी केलेले काही सेट ४०० हर्ट्झचे असतात. ते घरी निरुपयोगी. आपल्याला ५० हर्ट्झ हवेत, म्हणजे चार पोलच्या अल्टरनेटरला १५०० आरपीएम. स्टार्टर बहुधा २४ व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकच बॅटरी लावून 'सेल्फ गेलाय' असं ठरवू नये.

स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवावं. अडकलं तर तिथेच थांबावं. टाकी पूर्ण रिकामी करावी. तळाशी पाणी साचतं, ते आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणूंचा चिकट थर धरतो आणि फिल्टर चोक होतो. कडक झालेले रबरी पाइप, ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर बदलावेत. अल्टरनेटरला मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावण्यापूर्वी एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज नियंत्रक, सोडवून ठेवावा, नाहीतर तो जळू शकतो. वाचन १ मेगाओहमच्या खाली आलं तर वाइंडिंगने ओल धरली आहे. आधी ते वाळवावं. इंजिन नीट चालतंय पण व्होल्टेज शून्य, असं झालं तर बऱ्याचदा उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. जाणकार इलेक्ट्रिशियन बॅटरीने ते परत आणतो.

फिल्टर बदलल्यावर डिझेलची लाइन हवा धरतेच. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावा. आधी फेसाळ डिझेल येतं, मग बुडबुडे थांबून सलग धार लागते. तेव्हा स्क्रू आवळावा. पुढे पंपावर तेच. नोझल मात्र घरी उघडू नये. ती दीडशे-दोनशे बार दाबाने फवारते आणि तो फवारा कातडीत शिरतो. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, नोझल बनवणाऱ्या शहराला हे सांगायला नको. पंप-नोझलचं काम कॅलिब्रेशनवाल्याकडेच द्यावं.

धूरही बोलतो. काळा असेल तर हवा कमी, लोड जास्त किंवा नोझल खराब. निळा असेल तर ऑइल जळतंय. गरम इंजिनातूनही पांढरा येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय.

महिन्यातून अर्धा तास सेट चालवावा, पण लोडवर. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी लोडवर इंजिन पुरेसं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये काळा चिकटा साठतो. १० केव्हीएचा सेट म्हणजे साधारण ८ किलोवॉट. दोन-दोन किलोवॉटचे दोन गीझर लावले की निम्मा लोड झाला.

दोन गोष्टींत तडजोड नको. चेंजओव्हर स्विच हवाच, नाहीतर आपली वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या वायरमनचा जीव घेईल. धुराचा पाइप मोकळ्या हवेत काढावा. बंद खोलीतला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. शिवाय निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. जुन्या उघड्या सेटला कॅनॉपीशिवाय ती जमत नाही.

बोली लावण्याआधी इंजिनाचा मेक आणि नंबर घेऊन सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करावी. १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं एखादं चालू मॉडेल असेल तर भाग मिळतील. अनोळखी परदेशी इंजिन असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्यावं.