नदीकाठी तंबू ठोकण्यापूर्वी



हिमालयातील पदभ्रमणासाठी कुलू खोऱ्याचा बेत आखताना आमच्यापुढे पहिला प्रश्न आला तो मुक्कामाच्या जागेचा. बियास नदीच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आहेत. बागेत तंबू टाकले की मालकाचे घर जवळ असते आणि अडचणीला माणूस धावून येतो. म्हणून शेतातील तळ आम्हांला पसंत आहे. मात्र पाण्याला लागून नको.

त्याचे कारण हैदराबादकरांना वेगळे सांगायला नको. ८ जून २०१४ रोजी सायंकाळी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याचा लोंढा आला. आपल्या शहरातून सहलीला गेलेले २४ अभियांत्रिकी विद्यार्थी त्यात वाहून गेले. ती मुले पोहायला उतरली नव्हती. पात्रातील खडकांवर छायाचित्रे काढत होती.

डोंगरातील नदी तीन कारणांनी चढते. मे-जूनमध्ये दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळते आणि दुपारनंतर पाणी वाढते. वर दूर कोठे जोराचा पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असूनही पूर येतो. तिसरे कारण धरणाचे दरवाजे. म्हणून सकाळी दिसलेल्या शांत पाण्यावर विसंबून जागा ठरवू नये.

जागा पाहताना आम्ही पुढील गोष्टी तपासणार आहोत :

१. झाडाझुडपांत अडकलेला पालापाचोळा व ओंडके किती उंचीवर आहेत? पूर तेथपर्यंत आलेला असतो. वाळू व गोटे पसरलेली सपाट जागा म्हणजे नदीचेच अंगण.

२. मोठ्या पुरात, विशेषतः जुलै २०२३ मध्ये, पाणी कोठवर आले होते? हे बागमालकाला व शेजाऱ्यांनाही विचारायचे.

३. रात्री अंधारात मुलांना वर चढून जाता येईल अशी पायवाट आहे का?

४. शौचालय पाण्यापासून निदान साठ मीटर दूर आहे का? बागेत नुकतीच औषध फवारणी झाली आहे का?

उतारावरील शेते पायऱ्यापायऱ्यांची असतात. आपला तळ वरच्या पायरीवर असावा, असे आमचे मत आहे. तेथे पाणी वाहून आणावे लागेल व उकळून प्यावे लागेल. खर्चही कदाचित थोडा वाढेल. विश्वस्तांनी तो मान्य करावा, ही विनंती. विद्यार्थ्यांसाठी नियम एकच : शिक्षक बरोबर असल्याशिवाय नदीच्या पात्रात पाऊल टाकायचे नाही, मग ते कितीही कोरडे दिसो.