पाय जळतात, तेव्हा…

नवरात्र आले की केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. त्यांत अनवाणी चालणारेही असतात. आपल्या घरातील ज्येष्ठांना जुना मधुमेह असेल आणि रात्री अंथरुणात त्यांचे पाय जळत असतील, तर त्यांना अनवाणी जाऊ देऊ नका. ज्या पायांना चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, त्यांनाच कधी खडा रुतलेला कळत नाही. नसा दुखावल्याची ही खूण आहे.

नागीण बरी होऊन महिने लोटले तरी बरगडीवर विजेचा चटका बसत राहतो, तोही याच जातीचा. जखम भरलेली असते. दुखावलेली नस मात्र मेंदूला खोटे निरोप धाडत राहते. म्हणून सांधेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या येथे फारशा लागू पडत नाहीत, आणि त्या रोज घेतल्यास मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो.

अशा वेळी डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन यांपैकी एखादे औषध देतात. माहितीपत्रक वाचून मुलगा विचारतो, ‘‘आईला फिट कुठे येते? नैराश्य तरी कुठे आहे?’’ शंका रास्त आहे. गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ साली अपस्मारासाठी मान्यता मिळाली आणि २००२ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी. खवळलेल्या नसेला शांत करणे, हा गुण दोन्हीकडे कामी येतो.

तासाभरात आराम देणारी ही औषधे नव्हेत. अल्प मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवावी लागते. गुण दिसायला काही आठवडे लागतात. वेदना निम्म्यावर आली आणि झोप लागू लागली, तरी उपचार यशस्वी समजावा.

काळजी घेणाऱ्यांनी जपायचे ते पडण्याला. या औषधांनी गुंगी आणि चक्कर येते. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा राहू द्या. मूत्रपिंडे अशक्त असल्यास गॅबापेंटिन व प्रीगॅबालिनची मात्रा कमी करावी लागते. काचबिंदू, हृदयविकार किंवा लघवी अडखळण्याचा त्रास असेल, तर अमिट्रिप्टिलिनपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल, तर बी-१२ तपासण्याविषयीही विचारा. त्याच्या कमतरतेनेही पाय जळतात, आणि ती भरून काढता येते.

औषध नकोसे झाले तरी एकाएकी तोडू नका. डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतील.