सर्पालयातील उंदरांची पैदास

साप बाळगावयाचे म्हटले की प्रथम पिंजऱ्याचा विचार मनात येतो. परंतु त्यांच्या भक्ष्याची नियमित तरतूद करणे हे अधिक कठीण काम होय. रोम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलेले सर्पोद्यान १९७२ साली तत्कालीन मद्रासमधील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, गिंडी येथे आले. शहराच्या दक्षिणेस वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या सर्पपारध्यांची सहकारी संस्था आहे. १९७८ साली स्थापन झालेली ही संस्था साप पकडून त्यांचे विष काढते व त्यांना पुन्हा रानात सोडते. वन्य साप परवान्यावाचून पाळण्यास आपल्याकडे कायद्याने मनाई असल्याने हा विषय मुख्यतः अशा संस्थांचाच आहे.

बिळात धूर सोडून शेतातले उंदीर पकडण्यात इरुळा निष्णात आहेत. मग तेच सापांना का देऊ नयेत? रानच्या उंदराच्या पोटात विषारी आमिष गेलेले असू शकते. त्याच्या अंगावर व शरीरात परोपजीवी असतात. लेप्टोस्पायरा जंतूंमुळे हाताळणाऱ्या माणसालाही धोका असतो. शिवाय तो हवा तेव्हा मिळेलच असे नाही. म्हणून पांढऱ्या उंदरांची पैदास करणे श्रेयस्कर ठरते.

उंदरीचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो. एका वेतात साधारणतः ८ ते १२ पिल्ले होतात. ती जन्मतः केशहीन व अंध असतात. दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात आणि तीन आठवड्यांनी ती आईपासून वेगळी करता येतात. विण्यानंतर एका दिवसाच्या आतच उंदरीस पुन्हा गर्भ राहू शकतो. म्हणून नर वेळीच बाजूला काढावा लागतो; अन्यथा मादी झिजते व पिल्ले अशक्त निपजतात. सुटी झालेली पिल्ले पाच आठवड्यांची होण्यापूर्वी नर-मादी निराळी करावीत.

आता हिशेब पाहू. २० सापांना दर दहा दिवसांनी एक उंदीर द्यावयाचा झाल्यास महिन्यास ६० उंदीर लागतील. विसाव्यासह दोन महिन्यांत एक वेत धरले व त्यातील ८ पिल्ले जगली, तर एक मादी महिन्यास चार उंदीर पुरवते. म्हणजे १५ माद्या हव्यात आणि तीन माद्यांमागे एक या प्रमाणात पाच नर. वृद्ध माद्यांच्या जागी घेण्यासाठी काही तरुण माद्या राखून ठेवाव्या लागतात, त्या वेगळ्याच.

चेन्नईच्या उन्हाळ्यात हा हिशेब कोलमडू शकतो. उंदरास माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो काही अंशी शेपटीवाटे बाहेर टाकतो. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की नरांची प्रजननक्षमता घटते आणि कोंदट खोलीत उंदीर दगावतात. पाणी आटले किंवा वारंवार त्रास झाला तर आई स्वतःची पिल्ले खाते. खेळती हवा, सावली आणि अखंड पाणी यांची सोय म्हणूनच धान्याइतकीच महत्त्वाची आहे. मलमूत्र साचल्यास अमोनिया वायूने उंदरांची फुप्फुसे बिघडतात. तेव्हा पिंजऱ्यातील भुसा नियमित बदलावा.

जिवंत उंदीर सापाच्या पिंजऱ्यात सोडणे टाळावे; भुकेला नसलेल्या सापाला उंदीर कुरतडून गंभीर जखमा करतो. उंदीर आधी, शक्य तितक्या वेदनारहित रीतीने मारून देणे दोघांच्याही हिताचे आहे. भक्ष्य म्हणून वाढवलेल्या प्राण्यालाही, तो जिवंत आहे तोवर, स्वच्छ जागा, पुरेसे अन्न व निर्भयता मिळाली पाहिजे. ज्या उंदराची आबाळ झाली, तो सापाचेही नीट पोषण करीत नाही.