हसवणूक आणि फसवणूक

शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्यात भाड्याच्या खोलीकरिता वणवण केलेल्या नगरकरांना ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट आपलासा वाटतो. घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार. म्हणून चार मित्रांपैकी दोघे स्त्रीवेष धारण करतात. मुळाशी खरी अडचण आणि एकमेकांविषयीचा जिव्हाळा आहे, हे या विनोदाचे बळ. म्हणूनच आजोबा आणि नातवंडे तो एकत्र पाहून मनमुराद हसतात आणि घरातील ताण घटकाभर हलका होतो.

वाचकहो, या विनोदाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले ७० रुपये बुडतात, लीलाबाईंच्या विश्वासाची फसगत होते, तेव्हा आपण हसतो. पडद्यावर ते शोभते. घरात मात्र औषधाविषयी वडीलधाऱ्यांना थाप मारू नये. “मी गोळी घेतली का?” असे विचारणाऱ्या आजोबांची थट्टा झाली, तर ते विचारणेच सोडतात. मग गोळी चुकते किंवा दोनदा घेतली जाते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी अशा वेळी रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. सात वारांच्या कप्प्यांची डबी आणावी, ती दोघांनी मिळून भरावी. आजोबांना हसू नये, त्यांच्यासोबत हसावे.