निवडीच्या आधीचं पाहणं

कादंबरीकार तत्त्वज्ञ : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण सार्त्र यांच्यापाशी थांबलो होतो. माणूस निवडीतून स्वतःला घडवतो आणि त्या निवडीची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही, या त्यांच्या विचारानं युद्धात होरपळलेल्या युरोपातली तरुण पिढी झपाटून गेली होती. १९४५ साली ब्रसेल्समध्ये सार्त्र यांना भेटलेल्या आयरिस मर्डॉक याच पिढीतल्या. वय सव्वीस. संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन कार्यात त्या नोकरीला होत्या आणि पुढे ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या छावण्यांतही त्यांनी काम केलं. देश, घर, कागदपत्रं, सगळं गमावलेली माणसं त्यांनी तिथे रोज पाहिली. सार्त्र यांच्या विचारांनी त्या भारावल्या खऱ्या, पण १९५३ साली सार्त्र यांच्यावरच लिहिलेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्यांनी एक मूलभूत हरकतही नोंदवली. या तत्त्वज्ञानात निवड करणारा ‘मी’ ठळक आहे, पण समोरचा माणूस, त्याचं वेगळेपण, त्याच्याशी असलेलं नातं कुठे आहे?

पुढची चाळीस वर्षं मर्डॉक याच प्रश्नाचा माग काढत राहिल्या. १९१९ साली डब्लिनमध्ये जन्म, लहानपण लंडनमध्ये, शिक्षण ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात. १९४८ ते १९६३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्याच सेंट अ‍ॅन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. १९५४ साली पहिली कादंबरी आली आणि १९९५ पर्यंत त्यांच्या नावावर सव्वीस कादंबऱ्या जमा झाल्या. १९९९ साली त्यांचं निधन झालं. आपल्या कादंबऱ्यांना कुणी ‘तात्त्विक कादंबऱ्या’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे, कारण तत्त्वज्ञान आणि साहित्य ही दोन वेगळी कामं आहेत असं त्या मानत. तरीही माझं म्हणणं असं आहे की, त्यांच्या निबंधांनी जे मांडलं त्याची खरी कसोटी त्यांच्या कादंबऱ्यांत लागते.

आधी निबंधांकडे वळू. ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ हे त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. जेमतेम शंभरेक पानं आणि तीन निबंध, पण विसाव्या शतकातल्या इंग्रजी नीतिशास्त्राला त्यानं वळण दिलं. त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये नीतिविचार दोन गोष्टींभोवती फिरत होता : माणूस काय निवडतो आणि काय करतो. मनात जे चालतं ते दिसत नाही, मोजता येत नाही, तेव्हा हिशेबात धरायचं ते वागणं, असा एकंदर कल होता. या चौकटीला धक्का देण्यासाठी मर्डॉक यांनी कुठलं उदाहरण घ्यावं? बुडणारं जहाज नाही, युद्धातला पेच नाही. त्यांनी घेतली सासू आणि सून.

सासूला सून पसंत नाही. मुलगी मनानं वाईट नाही, पण तिला पोच नाही, ती उगाच सलगी करते, मधूनच फटकळ बोलते, तिचा पोरकटपणा जाता जात नाही. तिचे उच्चार खटकतात, कपडे खटकतात. आपल्या मुलानं तोलामोलाची मुलगी पाहिली नाही, ही सल सासूच्या मनात आहे. पण ती रीतभात जाणणारी बाई आहे. सुनेशी ती पहिल्यापासून अत्यंत चांगलं वागते, मनातलं काही चेहऱ्यावर दिसू देत नाही. इथे मर्डॉक मुद्दाम एक वाट बंद करतात. समजा, म्हणतात, हे जोडपं परदेशी निघून गेलं किंवा सून वारली. म्हणजे यापुढे सासूनं सुनेशी वेगळं वागण्याचा प्रश्नच उरला नाही.

काळ जातो. सासू तिथेच कुढत बसू शकते. पण ही सासू विचार करणारी आहे. आपण जुन्या वळणाच्या आहोत, आपली नजर कदाचित कोती असेल, आपल्याला थोडा मत्सरही वाटत असेल, तेव्हा त्या मुलीकडे पुन्हा एकदा नीट पाहू, असं ती ठरवते. आठवणीतली तीच सून मग हळूहळू वेगळी दिसू लागते. पोच नाही असं वाटलं होतं, तिथे साधेपणा दिसतो. सलगीत मोकळेपणा दिसतो. जो पोरकटपणा खुपत होता ते उमदं तारुण्य होतं, हे ध्यानात येतं.

बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडलेलं दिसणार नाही. सासूचं वागणं आधीही चांगलं होतं, नंतरही तेच. तरीही त्या बाईनं काहीतरी केलं आहे, आणि जे केलं ते नैतिक दृष्ट्या मोलाचं आहे, हे आपल्याला आतून पटतं. ही कृती तिनं एकटीनं, मनातल्या मनात, बऱ्याच काळात मिळून केली. ऑक्सफर्डच्या त्या चौकटीत हिच्यासाठी जागाच नव्हती. मर्डॉक यांचा सिद्धान्त इथून उभा राहतो : नैतिक आयुष्य निवडीच्या क्षणापुरतं नसतं, ते दोन निवडींच्या मधल्या लांबलचक काळात अखंड चालू असतं. त्या काळात आपण माणसांकडे कसं पाहतो, त्यावर पुढच्या वाटा ठरतात. निवडीचा क्षण येतो तेव्हा निवडण्याचं बरंचसं काम होऊन गेलेलं असतं.

या पाहण्याला त्यांनी ‘अवधान’ म्हटलं. ही कल्पना त्यांनी फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांच्याकडून घेतली आणि तसं स्पष्ट सांगितलंही. अवधान म्हणजे समोरच्या एका विशिष्ट माणसावर खिळलेली न्यायी आणि प्रेमळ नजर. तिच्या आड येतो तो आपला अहं. तो सतत स्वतःला कुरवाळत असतो, दुखावला की कल्पनेत सूड उगवतो, हरला की कल्पनेत जिंकतो, आणि या धुरकट पडद्यातूनच आपण जग बघतो. मर्डॉक यांनी स्वतःचा एक प्रसंग लिहिला आहे. आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागल्याच्या विचारात चिडून, अस्वस्थ होऊन त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. अचानक ससाण्याच्या जातीचा एक पक्षी हवेत एका जागी तरंगताना दिसला. क्षणात सगळं बदललं. त्या पक्ष्याशिवाय काहीच उरलं नाही, आणि भानावर आल्यावर तो अपमान पहिल्याइतका मोठा राहिला नाही. निसर्ग, कला, परकी भाषा शिकण्याचे कष्ट, या सगळ्यांत त्यांना हीच तालीम दिसते, कारण रशियन भाषेचं व्याकरण माझ्या लहरीप्रमाणे बदलत नाही, त्याच्यापुढे मलाच वाकावं लागतं. १९८४ साली इंग्लंडमधल्या ब्रॉकवुड पार्क इथे जे. कृष्णमूर्ती यांच्याशी त्यांचा संवाद झाला. ‘मी’ला बाजूला सारून पाहण्यावर आयुष्यभर बोलत आलेल्या कृष्णमूर्तींपुढे बसून त्यांनी बारकाईनं प्रश्न विचारले, यात नवल नाही.

आता खरी अडचण. सासूची दुसरी नजर पहिलीपेक्षा खरी कशावरून? मुलाचं लग्न चुकलं हे मान्य करवत नाही, म्हणूनही तिला सून चांगली दिसू लागली असेल. ही शक्यता मर्डॉक लपवत नाहीत, निबंधातच मांडतात. प्रेमाच्या नावाखाली आपण आपलीच कल्पना समोरच्यावर लादत नाही ना, हे तपासण्याचं यंत्र त्यांच्यापाशी नाही. आणि निबंध जिथे थांबतो तिथे कादंबरी कामाला लागते.

१९७८ साली बुकर पारितोषिक मिळालेली ‘द सी, द सी’ घ्या. चार्ल्स अ‍ॅरोबी हा नामवंत नाट्यदिग्दर्शक निवृत्त होऊन समुद्रकाठच्या एका घरात राहायला येतो आणि आठवणी लिहू लागतो. त्या गावात त्याला हार्टली भेटते. ती त्याचं पोरवयातलं पहिलं प्रेम. आता ती वय झालेली, संसारात मुरलेली, थकलेली बाई आहे. चार्ल्स ठरवून टाकतो की ती नवऱ्याच्या जाचात आहे, मनातून आपलीच आहे, तिला सोडवणं आपलं कर्तव्य आहे. ती नको म्हणते; त्याला त्यात होकार ऐकू येतो. शेवटी तो तिला आपल्या घरातल्या एका आतल्या खोलीत कोंडून ठेवतो, आणि हे सगळं प्रेम म्हणून. तू एका मनानं रचलेल्या प्रतिमेच्या मागे धावतो आहेस, हे त्याचा बौद्ध विचारांचा चुलतभाऊ जेम्स त्याला सांगून पाहतो. उपयोग होत नाही.

मर्डॉक यांची खरी करामत निवेदनात आहे. कथा सांगतो तो चार्ल्स. वाचकाला दुसरे डोळे दिलेलेच नाहीत. चार्ल्स हुशार आहे, गोड बोलतो, आपण काही काळ त्याच्या बाजूनं होऊनही जातो. मग त्याच्या वाक्यांच्या फटींतून हार्टली दिसू लागते. तिचं रडणं, तिचा हट्ट, घरी जाऊ दे ही तिची एकच मागणी. चार्ल्सनं जे पाहिलं नाही ते त्याच्याच शब्दांतून पाहण्याचं काम वाचकाला करावं लागतं. सासूला जे वर्षं घेऊन जमलं, त्याचा सराव ही कादंबरी आपल्याकडून करून घेते.

त्याच कादंबरीत टायटसचा मृत्यू आहे. टायटस हा हार्टलीचा दत्तक मुलगा, चार्ल्सकडे येऊन राहिलेला. घराखालचा समुद्र दगाबाज आहे. उतरणं सोपं, पण लाटांतून खडकावर परत चढणं कठीण, हे चार्ल्सला स्वतःच्या अनुभवानं ठाऊक आहे. पण या तरण्या पोरासमोर आपण म्हातारे दिसू नये म्हणून तो पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर बेधडक उडी मारतो आणि धोक्याचं एक अक्षर बोलत नाही. पुढे टायटस बुडून मरतो. चार्ल्स आधी हार्टलीच्या नवऱ्यावर संशय घेतो, आणि फार उशिरा त्याला कळतं की पोराचा जीव आपल्या मिरवण्यानं गेला. तिथे निवडीचा म्हणावा असा क्षण आलाच नव्हता. एक सावधगिरीचं वाक्य तोंडून निघायचं राहिलं, कारण त्या वेळी चार्ल्स टायटसकडे पाहतच नव्हता. टायटसच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो, ते पाहत होता.

याची दुसरी बाजू १९७० च्या ‘अ फेअरली ऑनरेबल डिफीट’मध्ये आहे. तिथे रूपर्ट हा सरकारी अधिकारी चांगुलपणावर मोठा ग्रंथ लिहितो आहे, आणि पहिल्याच मोठ्या तडाख्यात त्याचं आयुष्य कोसळतं. त्याच कादंबरीतला टॅलिस मात्र गबाळा, कर्जात बुडालेला, त्याचं स्वयंपाकघर किळस यावी इतकं घाण. एका रेस्टॉरंटमध्ये काही गुंड एका कृष्णवर्णीय माणसाला मारत असतात. इतर लोक अवघडून बघत असतात, एकजण मध्ये पडायला जातो तर त्याच्यावरच बेततं. टॅलिस सरळ पुढे होतो आणि एका गुंडाच्या थोबाडीत ठेवून देतो. त्याला विचार करावा लागत नाही, कारण मार खाणारा माणूस त्याला आधीपासून माणूस म्हणून दिसत आलेला आहे. अवधान म्हणजे खोलीत बसून केलेलं चिंतन, असा कुणाचा समज झाला असेल तर त्याला हा प्रसंग उत्तर आहे.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. सासूऐवजी सून नजर बदलायला बसली असती तर? छळ सोसणाऱ्याला ‘पुन्हा प्रेमानं पाहा’ असं सांगणं हा अन्यायच झाला असता. याला दोन उत्तरं आहेत. एक, न्यायी नजरेला क्रौर्य दिसलं तर तिनं ते क्रौर्य म्हणूनच पाहायचं असतं. नीट पाहणं म्हणजे सगळ्यांना माफ करत सुटणं नाही. दोन, १९९२ च्या ‘मेटाफिजिक्स अ‍ॅज अ गाइड टु मॉरल्स’ या आपल्या ग्रंथात मर्डॉक यांनी स्वतःच मान्य केलं की सार्वजनिक जीवनात माणसाचे हक्क ठाम तत्त्वं म्हणून उभे राहायला हवेत, ते कुणाच्या अंतर्दृष्टीवर सोडून चालत नाही. सुनेचं संरक्षण कायद्यानं करायचं, सासूच्या मनाची मशागत सासूनं करायची. एकाचं काम दुसऱ्यानं भागत नाही.

मला मर्डॉक महत्त्वाच्या वाटतात त्या यासाठी. बहुतेकांच्या आयुष्यात निर्णायक नैतिक पेच क्वचितच येतात, पण नावडता सहकारी, बदललेला भाऊ, न पटणारा शेजारी रोज समोर येतो. आपण त्याच्याबद्दल मनात काय रचत बसतो हे कुणी विचारत नाही, म्हणून ते बिनमहत्त्वाचं आहे असं आपण धरून चालतो. मर्डॉक तो आडोसा काढून घेतात. मनातल्या त्या रचनेला आपणच जबाबदार आहोत, आणि ती आजपासून, कुणाच्याही परवानगीशिवाय, दुरुस्त करायला घेता येते. नीतिशास्त्रात इतकं कठोर आणि तरीही इतकं आश्वासक विधान मला दुसरं माहीत नाही.

(पुढील आठवड्यात : सिमोन द बोव्हार – दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न)